उन्हाला भिणारी टोळी : ‘नियर डार्क’मध्ये व्हॅम्पायरपट आणि वेस्टर्न एकत्र कसे आले

आपला प्रश्न असा आहे की व्हॅम्पायरचा भयपट आणि वेस्टर्न (म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मुलखातला काउबॉयपट) हे दोन चित्रपटप्रकार कॅथरिन बिगेलो यांच्या ‘नियर डार्क’ (१९८७) या चित्रपटात जितके एकजीव झाले तितके इतरत्र क्वचितच का होतात, आणि आपल्याकडच्या माळरानावर त्या धाटणीचा लघुपट करायचा झाल्यास पटकथेत व प्रकाशयोजनेत कशाकडे लक्ष द्यावे. मी अनेक वर्षे छायालेखन करत आले आहे आणि प्रकाशयोजना शिकवताना हा चित्रपट विद्यार्थ्यांना वारंवार दाखवते, त्यामुळे माझे उत्तर प्रकाशापासूनच सुरू होते. माझ्या मते या चित्रपटाने दोन्ही प्रकारांना जोडण्यासाठी वेशभूषा, टोप्या किंवा बंदुका वापरल्या नाहीत, तर एकच नियम वापरला : ऊन म्हणजे मरण. हा नियम त्याने वेस्टर्नच्या प्रत्येक ठरीव प्रसंगाला लावून पाहिला, आणि त्यामुळे तो प्रत्येक प्रसंग नव्याने घडला.

वेस्टर्न हा मुळात उन्हाचा चित्रपट आहे. मैलोन्‌मैल पसरलेली उघडी जमीन, कोसभर अंतरावरून दिसणारा एकटा घोडेस्वार, भर दुपारी मोकळ्या रस्त्यावर समोरासमोर उभे राहिलेले दोघे जण, हे सगळे लख्ख प्रकाशाशिवाय संभवत नाही, आणि त्या प्रकारातली नीती-अनीतीची विभागणीसुद्धा या स्वच्छ दिसण्यावर उभी असते. व्हॅम्पायरची गोष्ट मात्र बंद दारांची, जाड पडद्यांची, तळघरांची. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीतला काउंट ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या फिरताना दिसतो. दिवसा त्याची शक्ती मर्यादित होते, पण उन्हाने तो मरत नाही. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना रूढ झाली ती एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटामुळे, म्हणजे ती सिनेमाची स्वतःची देणगी आहे. प्रकाशानेच चित्र उमटवणाऱ्या माध्यमाला प्रकाशाने मरणारा प्राणी सुचावा, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. स्टोकर यांच्या त्याच कादंबरीत टेक्सासहून आलेला क्विन्सी मॉरिस नावाचा अमेरिकन आहे, आणि अखेरीस काउंटच्या काळजात सुरा खुपसणारा तोच आहे. वेस्टर्नचा माणूस व्हॅम्पायरच्या गोष्टीत पहिल्यापासून हजर होता. त्याला त्याच्या स्वतःच्या मुलखात नेऊन उभे करायला मात्र पुष्कळ वर्षे लागली.

‘नियर डार्क’ची सुरुवात व्यावहारिक अडचणीतून झाली. बिगेलो आणि सहलेखक एरिक रेड यांना वेस्टर्न करायचा होता, परंतु १९८० साली मायकेल चिमिनो यांच्या ‘हेवन्स गेट’ने सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर खर्चून जो आर्थिक फटका दिला होता, त्यानंतर वेस्टर्नला पैसा उभा करणे फार अवघड झाले होते. भयपटाला मात्र मागणी होती. म्हणून त्यांनी वेस्टर्नमध्ये व्हॅम्पायर आणले. सुमारे ५० लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत जेमतेम ३४ लाख डॉलर मिळवले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ‘द लॉस्ट बॉइज’ हा तरुणांसाठीचा व्हॅम्पायरपट मोठ्या यशाने चालून गेला होता आणि ‘नियर डार्क’चे वितरण करणारी कंपनी स्वतःच डबघाईला येऊन १९८८मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटींनी त्याला त्याचा प्रेक्षक मिळवून दिला.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. ओक्लाहोमातल्या एका शेतावर राहणारा केलेब हा तरुण एका रात्री गावात मे नावाच्या मुलीला भेटतो. पहाटे ती त्याला चावते आणि पळून जाते. ट्रक बंद पडलेला केलेब उगवत्या उन्हात नांगरलेल्या शेतातून घराकडे धडपडत निघतो तेव्हा त्याच्या अंगातून धूर येऊ लागतो, आणि वडील व धाकटी बहीण पाहत असतानाच एक मोठी गाडी येऊन त्याला उचलून नेते. त्या गाडीत मेची टोळी आहे : म्होरक्या जेसी, त्याची जोडीदारीण डायमंडबॅक, हिंसेत रमणारा सेव्हरन आणि दिसायला बालक पण आतून वृद्ध असलेला होमर. टोळीत राहायचे तर केलेबने शिकार केली पाहिजे, आणि ते त्याला जमत नाही. मे आपल्या मनगटाचे रक्त पाजून त्याला जगवते. तिकडे जनावरांचे डॉक्टर असलेले केलेबचे वडील त्याचा शोध घेत फिरत असतात.

आता उन्हाचा नियम एकेका प्रसंगाला कसा लागतो ते पाहा. वेस्टर्नमध्ये काउबॉय आणि घोडा यांचे नाते जन्माचे असते. इथे केलेबचा घोडा मे हिला पाहताच बुजतो, कारण जनावराला जे कळते ते माणसाला कळत नाही. म्हणजे ही टोळी कधीच घोड्यावर बसू शकणार नाही हे पटकथेने एका छोट्या प्रसंगात सांगून टाकले आहे. मग त्यांना गाड्या लागतात, आणि त्या गाड्यांच्या काचा चकचकीत कागद व चिकटपट्टीने आतून बंद केलेल्या असतात. चाकांवरचे हे तळघर जुन्या काउंटच्या शवपेटीची जागा घेते आणि त्याच वेळी पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतींच्या सरहद्दीवरच्या झाकलेल्या बैलगाड्यांच्या तांड्याची आठवणही करून देते. एकच वस्तू दोन्ही प्रकारांचे काम करते, आणि अशा वस्तू शोधणे हेच या सरमिसळीतले खरे पटकथालेखन आहे असे मी मानते.

दारूच्या गुत्त्यातला प्रसंगही असाच तपासण्यासारखा आहे. गुत्त्यात अनोळखी माणसे शिरतात, कोणीतरी टोमणा मारतो, खुर्च्या सरकतात, हे वेस्टर्नमध्ये शेकडो वेळा झालेले आहे. त्या सगळ्या प्रसंगांत ताण येतो तो दोन्ही बाजूंना मरणाची शक्यता असल्यामुळे. इथे एक बाजू गोळीने मरतच नाही. त्यामुळे द्वंद्वाचे रूपांतर निव्वळ क्रौर्यात होते. बिल पॅक्स्टन यांचा सेव्हरन काउंटरवरून चालत येऊन बुटाच्या काट्याने गुत्तेवाल्याचा गळा चिरतो तेव्हा घोडा हाकण्याचे साधन हत्यार झालेले असते. प्रेक्षकाला इतकी वर्षे जी मर्दुमकी म्हणून विकली गेली तिच्यातून जोखीम काढून घेतली तर काय उरते, याचे हे उत्तर आहे, आणि ते पाहवत नाही, तसे ते पाहवूही नये. याच प्रसंगात केलेबच्या वाट्याला एक कोवळा मुलगा येतो; तो खिडकीतून उडी टाकून पळतो, केलेब त्याला गाठतो आणि सोडून देतो. पुढचे सगळे संकट या दयेतून येते.

तो सुटलेला मुलगा पोलिसांना टोळीपर्यंत आणतो आणि भर दिवसा एका मोटेलच्या खोलीला वेढा पडतो. माझ्या दृष्टीने संपूर्ण चित्रपटाचा अर्थ या प्रसंगात आहे. पोलीस गोळ्या झाडतात. गोळ्यांनी आतल्यांना काहीच होत नाही, पण प्रत्येक गोळी पातळ भिंतीला एक भोक पाडते आणि त्या भोकातून उन्हाचा एक कवडसा आत घुसतो, आणि तो कवडसा मात्र भाजतो. गोळीबार वाढतो तसतशी खोली तिरप्या तेजस्वी रेषांनी भरत जाते आणि माणसांना उभे राहायला अंधार उरत नाही. वेस्टर्नचा सर्वांत जुना प्रसंग, म्हणजे वेढलेल्या घरावरचा गोळीबार, आणि व्हॅम्पायरपटाचा सर्वांत जुना प्रसंग, म्हणजे पडदा ओढून आत सोडलेली सकाळ, हे दोन्ही एकाच कृतीत घडतात. एकाला वगळून दुसरा सांगता येणार नाही अशी ही गाठ आहे. अखेर केलेब अंगावर पांघरूण घेऊन, भाजत, उन्हातून धावत गाडीपर्यंत जातो आणि ती भिंतीत घुसवून सगळ्यांना सोडवतो.

असा प्रसंग चित्रित करायचा तर काय करावे लागते ते सविस्तर सांगते, कारण आपल्या प्रश्नाचा तो भाग आहे. हवेत कण असल्याशिवाय कवडसा दिसत नाही. प्रकाश बाजूने जाताना डोळ्याला किंवा कॅमेऱ्याला दिसतो तो धुळीवर वा धुरावर विखुरल्यामुळेच. म्हणून खोलीत हेझरने (विरळ धूर सोडणाऱ्या यंत्राने) अत्यंत विरळ आणि समान धूर भरून ठेवावा लागतो, दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक शॉटला धुराची दाटी सारखी आहे की नाही हे तपासावे लागते, अन्यथा संकलनात एका शॉटमध्ये कवडसे ठळक आणि पुढच्यात फिकट अशी उडी दिसते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण व्यवहारात समांतर असतात, त्यामुळे सगळे कवडसे एकाच कोनातून आले पाहिजेत. दिवा भिंतीपासून जवळ ठेवला की किरण पंख्यासारखे फाकतात आणि प्रेक्षकाला कारण सांगता आले नाही तरी खोटेपणा जाणवतो. त्यामुळे एकच कडक, मोठ्या ताकदीचा दिवा शक्य तितका दूर आणि उंच ठेवावा, आणि तो दूर नेल्याने प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो म्हणून मुळातच जास्त ताकदीचा दिवा निवडावा. लघुपटाच्या खर्चात हे बसत नसेल तर खऱ्या सूर्याचा उपयोग करावा : पूर्व किंवा पश्चिमेकडे तोंड असलेली पत्र्याची शेड निवडून सकाळच्या किंवा संध्याकाळच्या दोन तासांत, ऊन तिरपे असताना, आधीच पाडून झाकून ठेवलेली भोके एकामागून एक उघडत जावीत. खोलीच्या आतला भरणीचा प्रकाश अगदी कमी ठेवावा. कवडसा जिथे पडतो तो भाग दोन-तीन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट) जास्त उजळला तरी चालेल, किंबहुना उजळावाच, कारण इथे प्रकाशाने डोळ्याला इजा झाल्यासारखे वाटणे कथेला हवे आहे.

या चित्रपटाचे छायालेखक अ‍ॅडम ग्रीनबर्ग होते, ज्यांनी १९८४चा ‘द टर्मिनेटर’ हा शहरातल्या रात्रींचा चित्रपट चित्रित केला होता. शहरातल्या रात्री आणि माळावरच्या रात्री यांत मोठा फरक असतो. शहरात रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे हेडलाइट असे दिसणारे स्रोत असतात आणि छायालेखक त्यांच्या आधाराने आपला प्रकाश लपवू शकतो. उघड्या माळावर चंद्राखेरीज काहीच नसते. जुन्या वेस्टर्न चित्रपटांनी यावर डे-फॉर-नाइटचा तोडगा काढला होता, म्हणजे दिवसा फिल्टर लावून व एक्स्पोजर कमी ठेवून चित्रित करायचे आणि ती रात्र मानायची. त्याने क्षितिज दिसते, पण आकाश आणि कडक सावल्या लबाडी उघड करतात. आणि जिथे ऊन हेच मरण आहे त्या कथेत दिवसाला रात्र म्हणून खपवणे मुळातच चालणार नाही. म्हणून ‘नियर डार्क’मधली रात्र ही खरी रात्र वाटली पाहिजे होती. टेकडीच्या कडेवर टोळी ओळीने उभी आहे, मागून निळसर प्रकाश आणि धुके आहे, आणि माणसांच्या फक्त काळ्या आकृती दिसत आहेत, हे त्यातले सर्वांना आठवणारे चित्र आहे. क्षितिजावर ओळीने दिसणारे स्वार ही वेस्टर्नची जुनी रचना आहे. इथे ती मागून येणाऱ्या प्रकाशाने रात्रीत हलवली आहे. अशा चित्रासाठी दिवा विषयाच्या मागे, उंच आणि बराच दूर लागतो, धूर विषयाच्या मागे लागतो आणि समोरून जवळजवळ काहीच लागत नाही. विद्यार्थ्यांची नेहमीची प्रवृत्ती चेहरा दिसावा म्हणून समोरून थोडा प्रकाश देण्याची असते. तो मोह आवरावा.

बिगेलो मुळात चित्रकलेच्या विद्यार्थिनी होत्या, सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या, आणि त्यांच्या चौकटींत आकृती व अवकाश यांचा तोल ज्या पद्धतीने साधलेला असतो त्यात ते शिक्षण दिसते. टँजरिन ड्रीम या जर्मन चमूचे इलेक्ट्रॉनिक संगीतही इथे उपयोगी पडले आहे. गिटार आणि माउथ ऑर्गनच्या ओळखीच्या सुरांऐवजी येणारा हा यांत्रिक नाद महामार्गांशी आणि मोटेलांशी जुळतो. जेसी, सेव्हरन आणि डायमंडबॅक यांच्या भूमिका करणारे लान्स हेन्रिकसन, बिल पॅक्स्टन आणि जेनेट गोल्डस्टीन हे तिघेही आदल्याच वर्षी ‘एलियन्स’मध्ये एकत्र होते, त्यामुळे जुन्या टोळीची परस्परांशी असलेली सलगी त्यांना वेगळी उभी करावी लागली नाही.

चित्रपटाने काय टाकून दिले हेही तितकेच पाहण्यासारखे आहे. सुळे नाहीत, क्रूस नाही, लसूण नाही, आरसा नाही, वटवाघूळ नाही. व्हॅम्पायर हा शब्द संपूर्ण चित्रपटात एकदाही उच्चारला जात नाही. युरोपातल्या किल्ल्यांचे आणि चर्चचे हे सामान ओक्लाहोमाच्या माळावर आणले असते तर ते उसने वाटले असते. ठेवले ते फक्त रक्त, भूक, अमरत्व आणि ऊन. पहिल्याच चौकटीत केलेबच्या दंडावर बसून रक्त पिणारा डास दिसतो, म्हणजे रक्त पिणे ही या जमिनीवरची रोजची, नैसर्गिक गोष्ट आहे असे चित्रपट आधीच सांगून ठेवतो. पुढे मे केलेबला रक्त पाजते तेव्हा मागे तेलविहिरींचे पंप खालीवर होत असतात. जमिनीतून शोषणे आणि मनगटातून शोषणे एकाच चौकटीत येते, आणि त्यावर कोणतेही पात्र भाष्य करत नाही.

आता या चित्रपटाच्या सर्वांत खोल गेलेल्या भागाकडे येते. अमेरिकन वेस्टर्नमध्ये पळवून नेलेल्या माणसाचा शोध ही फार जुनी कथा आहे. जॉन फोर्ड यांच्या १९५६च्या ‘द सर्चर्स’मध्ये मूळनिवासी टोळीने पळवलेल्या मुलीचा वर्षानुवर्षे शोध चालतो, आणि पळवलेले माणूस ‘त्यांच्यातले’ होऊन गेले असेल ही भीती त्या शोधाच्या मुळाशी असते. ‘नियर डार्क’मध्ये वडील मुलाला शोधत आहेत आणि मुलगा ‘त्यांच्यातला’ होत चालला आहे, म्हणजे सांगाडा तोच आहे. पण पळवणारे कोण आहेत? जेसी हा अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला माणूस आहे, आणि १८७१ साली शिकागो जळाले ती आग आपण लावली होती अशी आठवण ही टोळी काढते. म्हणजे भीती बाहेरून येत नाही. गुलामगिरी राखण्यासाठी लढून हरलेले, आणि तरी न मेलेले अमेरिकेचे स्वतःचे जुने पाप महामार्गावरून रात्री फिरत आहे. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने १८९३ साली सरहद्दीचे युग संपल्याचे मांडले होते. ज्यांच्यासाठी ती सरहद्द संपलीच नाही, जे अजून कायद्याबाहेर आणि काळाबाहेर आहेत, अशांची ही टोळी आहे. जुन्या वेस्टर्नने जो दोष मूळनिवाशांवर टाकला तो या चित्रपटाने गोऱ्या बंडखोर नायकाच्या वंशजांकडे परत नेला, याचे श्रेय बिगेलो आणि रेड यांना द्यायलाच हवे.

शेवट मात्र मला पटत नाही. वडील घरी आणून आपले रक्त केलेबला चढवतात आणि तो बरा होतो. पुढे मेही तशीच बरी होते. घराण्याच्या रक्ताने मुलगा परत मिळतो ही कल्पना वेस्टर्नच्या घरी परतण्याशी सुसंगत आहे हे मी मान्य करते, आणि स्टोकर यांच्या कादंबरीतही ल्युसीला चार पुरुषांचे रक्त दिले जाते, त्यामुळे परंपराही आहे. पण कादंबरीतले रक्त ल्युसीला वाचवू शकत नाही, तिथे त्याची किंमत आहे. इथे एवढ्या भयंकर अवस्थेतून परतण्याला काहीच किंमत पडत नाही, आणि मे हिला पुन्हा माणूस व्हायचे आहे का हे तिला कोणी विचारतही नाही. जिने ताऱ्यांकडे बोट दाखवून त्यांचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचेल तेव्हाही मी असेन असे सांगितले होते, त्या मुलीचा हा निर्णय तिच्या अपरोक्ष झाला याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते.

इतर प्रयत्नांबद्दल थोडेच लिहिते. १९५९च्या ‘कर्स ऑफ द अनडेड’मध्ये व्हॅम्पायर हा भाडोत्री बंदूकबाज आहे, द्वंद्वात त्याला गोळी लागते, पण मरतो समोरचा, आणि शेवटी क्रूस बसवलेल्या गोळीने त्याचा नाश होतो. कल्पना उत्तम आहे, परंतु ती एकाच पात्रापुरती राहते आणि भोवतालचे गाव नेहमीचेच राहते. १९६६चा ‘बिली द किड व्हर्सेस ड्रॅक्युला’ हा दोन नावे शेजारी ठेवण्यापलीकडे जात नाही. जॉन कार्पेंटर यांच्या १९९८च्या ‘व्हॅम्पायर्स’मध्ये न्यू मेक्सिकोच्या उन्हात शिकारी व्हॅम्पायरना तारेने बांधून अंधाऱ्या घरातून बाहेर ओढतात, दिवसाचे हे प्रसंग जोरकस आहेत, पण त्यातल्या स्त्रियांना दिलेली वागणूक मला सहन होत नाही. खरी वेगळी वाट काढली ती आना लिली अमीरपूर यांनी २०१४च्या ‘अ गर्ल वॉक्स होम अलोन अ‍ॅट नाइट’मध्ये. फारसी भाषेतला, कृष्णधवल, इराणी म्हणवल्या जाणाऱ्या काल्पनिक शहरात घडणारा हा चित्रपट कॅलिफोर्नियातल्या टाफ्ट या तेलाच्या गावात चित्रित झाला. त्यात उन्हाचा नियम महत्त्वाचा नाही. अमीरपूर यांनी वेस्टर्नमधून घेतला तो कायदा न उरलेल्या गावात येऊन अन्यायाचा हिशेब करणारा एकटा अनोळखी माणूस, आणि त्याच्या जागी चादोर (इराणी स्त्रियांचे अंगभर पांघरायचे वस्त्र) पांघरलेली मुलगी उभी केली. वाऱ्याने फुगणारी ती चादोर काउंटच्या झग्याचे काम करते आणि बंदूकबाजाच्या लांब कोटाचेही. मी वर जिला दोन्ही प्रकारांचे काम करणारी एकच वस्तू म्हटले, तिचे हे दुसरे उत्तम उदाहरण.

आता आपल्या लघुपटाविषयी. माण, खटाव, सांगोला, जत या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात वेस्टर्नला लागणारे सर्व काही आहे : उघडी जमीन, खुरटी झाडे, दूरपर्यंत दिसणारी वाट, धूळ. पण ओक्लाहोमाचा नियम जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडच्या लोकसमजुतीत भुताखेतांची वेळ फक्त रात्र नाही. तिन्हीसांजा जशा वाईट, तशीच भर दुपारी बाराची वेळही वाईट मानली जाते. त्या वेळी विहिरीपाशी किंवा पिंपळाखाली जाऊ नये असे घरोघरी सांगितले गेले आहे. आपले भूत उन्हाला भीत नाही, ते टळटळीत उन्हात उभे राहते. वेस्टर्नमध्ये दोन बंदूकबाज समोरासमोर येतात तीही भर दुपारचीच वेळ. हा जोड आपल्याला आयता मिळालेला आहे आणि माझ्या माहितीतला कोणताही विदेशी व्हॅम्पायरपट त्याचा उपयोग करू शकला नसता. मुंजासारखी आपली भुते एका झाडाला, एका विहिरीला बांधलेली असतात, भटकणारी टोळी करत नाहीत, त्यामुळे कथेचा आराखडाही बदलेल : टोळी गावात येण्याऐवजी प्रवासी त्या जागेत येईल. उभ्या उन्हात सावल्या पायाखाली जातात, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि चेहरा कवटीसारखा दिसतो. एरवी छायालेखक जी वेळ टाळतात ती इथे मुद्दाम निवडावी आणि चेहऱ्याखाली परावर्तक धरू नये.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. आपण भटकी टोळीच घेणार असाल तर ती कोणाची आहे याचा फार विचार करा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, १९५२मध्ये या जमाती विमुक्त झाल्या तरी पारधी समाजातल्या लोकांना त्या शिक्क्याचा त्रास अजून भोगावा लागतो, आणि घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांकडेही गावोगावी संशयाने पाहिले जाते. माळावर राहुटी दिसली की धोका, असे चित्र आपण रंगवले तर जुन्या वेस्टर्नने मूळनिवाशांचे जे केले तेच आपण करू. ‘नियर डार्क’ने भय जिथे ठेवले तिथे ते आपणही ठेवू शकता : जमिनीवर जुना हक्क सांगणाऱ्या, कधीच न मरणाऱ्या वाड्यात.

वेळापत्रकाबाबत शेवटचे. सूर्यास्तानंतरचा उपयोगी संधिप्रकाश आपल्या अक्षांशावर २२ ते २४ मिनिटेच टिकतो, तर अमेरिकेच्या त्या भागात तो ऋतूनुसार २५ ते ३० मिनिटे मिळतो, म्हणून विदेशी चित्रपटांचे हिशेब धरून एका संध्याकाळी चार-पाच शॉट ठरवू नका. दोन ठरवा आणि दिवसा त्यांची पूर्ण तालीम करून ठेवा. पहाटेचे प्रसंग संध्याकाळी उरकण्याची आपल्याकडे सवय आहे आणि छोट्या शॉटला ती चालते, परंतु पात्र डोळ्यांदेखत उजाडणाऱ्या प्रकाशात सापडते असा लांब शॉट असेल तर संध्याकाळी प्रकाश वाढण्याऐवजी कमी होत जातो आणि शॉट उलटा पडतो. असा शॉट खऱ्या पहाटेच घ्या, एका पहाटेला एकच, आणि त्यासाठी लागतील तितक्या सलग पहाटा वेळापत्रकात आधीच राखून ठेवा.